लांब रेणूंचा माणूस : हरमान स्टाउडिंगर

आपल्या पुस्तकांत माणसांची नावं फक्त नियमांच्या पुढे येतात. न्यूटनचा नियम, फिकचा नियम, हेन्रीचा नियम. तो माणूस कुठे जन्मला, कुणाशी भांडला, त्याला नोकरीवरून काढायला कोण निघालं होतं, हे सिलॅबसमध्ये नसतं आणि व्हायवालाही कुणी विचारत नाही. पॉलिमरच्या पेपरात एका कोपऱ्यात असंच एक नाव येतं, हरमान स्टाउडिंगर. दोन मार्कांचा प्रश्न. पण या माणसाने अख्खं आयुष्य एका व्हिस्कॉसिटीपायी पणाला लावलं होतं.

मी त्यांच्याकडे वळले ते एका अडचणीमुळे. आपल्याला शिकवतात की पॉलिमरची साखळी जितकी लांब, तितकी व्हिस्कॉसिटी जास्त. मग पुढच्या चॅप्टरमध्ये येतं की वितळलेल्या पॉलिमरमध्ये दाबाखाली कार्बन डायऑक्साइड विरघळवला की ते चांगलंच पातळ होतं, पण साखळ्या मात्र तुटत नाहीत. लांबी तीच आणि व्हिस्कॉसिटी निम्म्याहून कमी! दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा? या प्रश्नाचं उत्तर शोधायला गेलं की वाटेत स्टाउडिंगर लागतातच, कारण पहिली गोष्ट त्यांनीच जगाला पटवून दिली.

आधी शब्दांचा घोळ मिटवते. व्हिस्कॉसिटीला मराठीत श्यानता म्हणतात. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला हा शब्द फार उशिरा कळला. आमच्या पवनीत दाट आणि पातळ या दोन शब्दांवर भागतं. पवनीत पूर्वापार हातमाग आहेत. मागावर चढवायच्या सुताला खळ लावतात. ती फार दाट झाली तर सुतावर गोळे बसतात, फार पातळ झाली तर सूत विणताना तुटतं. विणकराला हे बोटावरून ओघळणाऱ्या थेंबाकडे बघून कळतं. खळ म्हणजे स्टार्च आणि सूत म्हणजे सेल्युलोज, म्हणजे दोन्ही पॉलिमरच. शंभर वर्षांपूर्वी युरोपातल्या मोठमोठ्या प्रोफेसरांना हे मान्य नव्हतं. तिथूनच ही गोष्ट सुरू होते.

स्टाउडिंगर यांचा जन्म २३ मार्च १८८१ रोजी जर्मनीत, ऱ्हाइन नदीकाठच्या वर्म्स या गावी झाला. वडील शिक्षक होते आणि तत्त्वज्ञानाचे अभ्यासक होते. मुलाला झाडाझुडपांचं वेड, त्याला वनस्पतिशास्त्र शिकायचं होतं. वडिलांनी सांगितलं, आधी रसायनशास्त्र शिक म्हणजे झाडं जास्त चांगली समजतील. (आपल्याकडे वडील आधी इंजिनिअरिंग कर म्हणतात, मग पुढे काय वाटेल ते कर.) मुलगा रसायनशास्त्रात गेला आणि तिथलाच झाला. १९०३ मध्ये हाले विद्यापीठातून डॉक्टरेट, तेव्हा वय २२. नंतर स्ट्रासबुर्गला थीले यांच्या लॅबमध्ये असताना त्यांनी कीटीन नावाच्या संयुगांचा एक नवा वर्गच शोधून काढला. १९०७ मध्ये कार्ल्सरूहला प्रोफेसर झाले आणि १९१२ मध्ये झुरिकच्या प्रसिद्ध तांत्रिक संस्थेत विलश्टेटर यांच्या जागेवर गेले. विलश्टेटर यांना १९१५ मध्ये नोबेल मिळालं. अशा माणसाची खुर्ची वयाच्या एकतिसाव्या वर्षी मिळाली म्हणजे गाडी रुळावर होती असंच म्हणायचं.

मग पहिलं महायुद्ध आलं. जर्मनीत मिरी आणि कॉफी मिळेना. स्टाउडिंगर यांनी मिऱ्याच्या तिखटपणासाठी कृत्रिम पर्याय शोधला, पुढे कॉफीच्या वासात नेमकी कोणकोणती द्रव्यं असतात याचाही छडा लावायला घेतला. कॉफीच्या कामात त्यांच्यासोबत राइखश्टाइन नावाचा तरुण होता. कीटकनाशक फुलांच्या कामात रुझिच्का होते. पुढे या दोघांनाही नोबेल मिळालं, आणि तेही गुरूच्या आधी! मेसच्या कॉफीत नेमकं कोणतं द्रव्य कमी असतं हे मात्र त्यांच्या कागदांत सापडणार नाही.

पण युद्धाची खरी किंमत वेगळीच होती. कार्ल्सरूहला त्यांचे सहकारी होते फ्रिट्झ हाबर. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करणारे हेच ते. युद्धात हाबर विषारी वायूंच्या कामाचे प्रमुख झाले. स्टाउडिंगर स्वित्झर्लंडमध्ये बसून सगळं बघत होते. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरल्यावर त्यांनी दोन्ही बाजूंच्या यंत्रसामर्थ्याचा हिशोब मांडला. जर्मनीने आता युद्ध लांबवण्यात अर्थ नाही, असा निष्कर्ष त्यातून निघत होता. १९१९ मध्ये त्यांनी रेड क्रॉसच्या नियतकालिकात विषारी वायूंविरुद्ध लिहिलं. हाबर संतापले. देश पडलेला असताना तुम्ही पाठीत वार केलात, असा त्यांचा आरोप होता. स्टाउडिंगर मागे हटले नाहीत. युद्धकाळातली ही भूमिका पुढे त्यांच्याविरुद्ध बाहेर काढली जाणार होती.

आता मुख्य भाग. १९२० मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, त्यांनी पॉलिमरायझेशनवर एक निबंध छापला. त्यांचं म्हणणं एवढंच की रबर, स्टार्च, सेल्युलोज, पॉलिस्टायरिन हे पदार्थ म्हणजे खूप लांब रेणू आहेत. हजारो छोटे तुकडे साध्या, नेहमीच्या सहसंयुज बंधांनी एकामागे एक जोडलेले. आज आपण बारावीत हे पाठ करतो आणि पुढे जातो. पण तेव्हा जवळजवळ सगळ्यांचं मत उलट होतं. त्यांच्या मते रेणू छोटेच असतात आणि कुठल्यातरी दुय्यम ओढीने त्यांचे घोळके बनतात. हे घोळके म्हणजेच रबर. द्रावण दाट होतं ते घोळक्यांमुळे. क्ष-किरणांनी स्फटिक बघणारे सांगत होते की सेल्युलोजचा एकक कोश एवढासा आहे, मग त्यात एवढा मोठा रेणू मावेल कसा? (साखळी एका कोशातून दुसऱ्या कोशात जाऊ शकते हे उत्तर नंतर आलं.)

स्टाउडिंगर यांनी १९२२ मध्ये एक सोपा पण बिनतोड प्रयोग केला. रबरातले घोळके त्यातल्या दुहेरी बंधांच्या ओढीने टिकतात, असं विरोधक म्हणायचे. ठीक आहे, तर मग ते दुहेरी बंधच काढून टाकू. रबरात हायड्रोजन घालून त्यांनी ते बंध संपवले. घोळक्यांची कल्पना खरी असती तर उरलेला पदार्थ सहज उकळणारं पातळ तेल व्हायला हवा होता. तो तसा झाला नाही. रबरासारखाच राहिला आणि त्याचं द्रावणही दाटच राहिलं. याच सुमारास त्यांनी असल्या रेणूंना मॅक्रोमोलेक्यूल, म्हणजे महारेणू, हे नाव दिलं.

एवढ्याने लोक मानतील तर ते प्रोफेसर कसले! हाइनरिश वीलांड हे मोठे रसायनतज्ज्ञ. त्यांनी मित्र म्हणून सल्ला दिला की हा महारेणूंचा नाद सोडा, तुमचं रबर नीट शुद्ध करा, मग त्याचे स्फटिक होतील आणि रेणू छोटाच निघेल. गंमत म्हणजे १९२६ मध्ये स्टाउडिंगर फ्रायबुर्ग विद्यापीठात आले ते याच वीलांड यांच्या जागेवर. त्याच वर्षी ड्युसेलडॉर्फच्या सभेत त्यांना एकट्याने किल्ला लढवावा लागला. झुरिक सोडतानाच्या व्याख्यानातही असाच कडाक्याचा वाद झाला होता. सेंद्रिय रसायनातलं चांगलं चाललेलं काम सोडून ते या चिकट, स्फटिक न होणाऱ्या, उकळायला गेलं तर जळणाऱ्या पदार्थांमागे लागले, याचं त्यांच्या बरोबरीच्या लोकांना वाईट वाटायचं. असले पदार्थ फ्लास्कच्या तळाशी राहिले की चांगला केमिस्ट ते फेकून द्यायचा.

रेणू मोठा आहे हे मोजून दाखवायचं कसं? गोठणबिंदू किती उतरला यावरून वजन काढायची नेहमीची पद्धत इथे लंगडी पडते, कारण रेणू इतका मोठा की फरक थर्मामीटरवर दिसतच नाही. स्वीडनमध्ये स्वेडबर्ग यांच्याकडे अल्ट्रासेंट्रिफ्यूज होतं, पण ते यंत्र भयंकर महाग. स्टाउडिंगर यांना त्यासाठी पैसे मिळाले नाहीत. मग त्यांनी हातात घेतला तो आपल्या फर्स्ट इयरच्या लॅबमधला, यू आकाराच्या काचेच्या नळीचा ओस्टवाल्ड व्हिस्कोमीटर. वरच्या फुग्यातलं द्रावण बारीक नळीतून खाली यायला किती सेकंद लागतात, एवढंच मोजायचं. आधी नुसत्या द्रावकाचा वेळ, मग पॉलिमर घातलेल्या द्रावणाचा. वेळ किती पटीने वाढला ते बघायचं आणि पॉलिमरच्या प्रमाणाने भागायचं. १९३० च्या सुमारास त्यांनी नियम मांडला की हा आकडा रेणूच्या वजनाच्या सरळ प्रमाणात असतो. म्हणजे एक स्टॉपवॉच आणि एक काचेची नळी घेऊन डोळ्यांना न दिसणाऱ्या साखळीची लांबी काढायची.

मला या माणसाचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते इथे. पैसे नाहीत म्हणून रडत न बसता त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी शेकडो नमुने या नळीतून वाहवले. सेल्युलोज पाण्यात विरघळत नाही, तर तांबं आणि अमोनियाच्या गडद निळ्या द्रावणात विरघळवून मोजलं. सेल्युलोजचं ॲसिटेट केलं, साखळीचं वरचं रूप बदललं, आणि दाखवलं की लांबी तीच राहते. घोळके असते तर रूप बदलल्यावर, द्रावक बदलल्यावर त्यांचा आकारही बदलायला हवा होता. तो बदलला नाही. हळूहळू विरोधक गप्प झाले. १९३५ मध्ये अमेरिकेत कॅरोदर्स यांनी नायलॉन बनवलं, तेव्हा वाद संपल्यातच जमा होता. लांब साखळी आहे असं धरून चाललं की कारखाना चालतो, यापुढे आणखी काय सांगायचं?

पण स्टाउडिंगर यांची स्वतःची एक चूक होती आणि ती त्यांनी फार वर्षं सोडली नाही. त्यांच्या डोक्यातली साखळी ताठ होती. काठीसारखी, काचेच्या दांडीसारखी. वजन आणि व्हिस्कॉसिटीचं सरळ प्रमाण त्यांना या काठीच्या चित्रातूनच पटलं होतं. वेर्नर कून यांनी तीसच्या दशकात दाखवलं की साखळी प्रत्येक बंधापाशी वळू शकते, त्यामुळे द्रावणात ती सैलसर गुंडाळीसारखी राहते, सुताच्या विस्कटलेल्या गुंड्यासारखी, आणि सारखी हलत असते. नंतर मार्क, हाउविंक आणि इतरांनी नियम दुरुस्त केला. व्हिस्कॉसिटी वजनाच्या ०.५ ते ०.८ घाताच्या प्रमाणात वाढते, बहुतेक लवचीक साखळ्यांसाठी. स्टाउडिंगर यांनी तो घात १ धरला होता. ज्याने सगळ्या जगाविरुद्ध लांब रेणू मान्य करायला लावला, त्यालाच तो रेणू वाकतो हे मान्य करायला इतका त्रास व्हावा, हे मला तरी विचित्र वाटतं. कदाचित दहा-पंधरा वर्षं एकट्याने भांडलेल्या माणसाला प्रत्येक दुरुस्ती ही हल्ल्यासारखीच दिसत असेल.

दरम्यान बाहेरचं जग बिघडत होतं. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि फ्रायबुर्ग विद्यापीठाचे कुलगुरू झाले तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगर. त्यांनी स्टाउडिंगर यांची पहिल्या महायुद्धातली भूमिका उकरून काढून वर कळवली. युद्धविरोधी, देशाशी बेइमान, असा ठपका. गेस्टापोची चौकशी झाली. १९३४ मध्ये त्यांना नोकरीवरून काढावं अशी शिफारस हायडेगर यांनी केली. शेवटी त्यांच्याकडून राजीनाम्याचा कागद लिहून घेतला गेला आणि तो वापरायचा की नाही हे वरच्यांनी स्वतःकडे ठेवलं. म्हणजे मान सुळावर आणि पाय जमिनीवर. त्यानंतर स्टाउडिंगर यांनी देशासाठी रसायनशास्त्र कसं उपयोगी आहे अशा सुरातही लिहिलं. काही जण याला तडजोड म्हणतील. १९१९ मध्ये ते झुरिकला होते, १९३४ मध्ये फ्रायबुर्गला, एवढं मात्र लक्षात ठेवायला हवं.

या काळात त्यांच्या सोबत होत्या माग्डा वॉइट. मूळच्या लॅटव्हियाच्या, वनस्पतिशास्त्रज्ञ. १९२८ मध्ये दोघांचं लग्न झालं. वनस्पतिशास्त्र शिकायची त्यांची लहानपणीची इच्छा अशी वेगळ्या वाटेने घरात आली म्हणायची. माग्डाबाई नुसत्या प्रोफेसरांच्या पत्नी नव्हत्या. जीवशास्त्रातले महारेणू, सूक्ष्मदर्शकाखालचे तंतू हे त्यांचं काम होतं, आणि दोघांनी मिळून निबंधही छापले. आपल्या पुस्तकात त्यांचं नाव कुठेच नाही.

१९४० मध्ये फ्रायबुर्गला महारेणूंच्या रसायनाची संस्था स्टाउडिंगर यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाली. २७ नोव्हेंबर १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात शहराबरोबर तीही उद्ध्वस्त झाली. वय ६३. त्यांनी परत सुरुवात केली आणि १९४७ मध्ये या विषयाचं नवं नियतकालिकही काढलं. १९५३ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा ते ७२ वर्षांचे होते आणि निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. १९२० च्या निबंधानंतर ३३ वर्षांनी! ८ सप्टेंबर १९६५ रोजी फ्रायबुर्गला त्यांचं निधन झालं.

आता सुरुवातीच्या अडचणीकडे येते. वितळलेलं पॉलिस्टायरिन घ्या. त्यात काठ्या नाहीत, एकमेकींत गुंतलेल्या लांब, वळवळत्या साखळ्या आहेत. पातेल्यातल्या शेवयांसारख्या, फक्त या सतत हलणाऱ्या. असं द्रव वाहायचं तर प्रत्येक साखळीला बाकीच्या गुंत्यातून सरकत बाहेर पडावं लागतं. म्हणूनच इथे लांबीचा परिणाम प्रचंड होतो. पुरेशा लांब साखळ्यांची लांबी दुप्पट केली तर वितळलेल्या पॉलिमरची व्हिस्कॉसिटी सुमारे दहा पटीने वाढते (घात ३.४). पण सरकायला आजूबाजूला थोडी मोकळी जागाही लागते. तिला फ्री व्हॉल्यूम म्हणतात. तापमान वाढवलं की ही जागा वाढते, म्हणून गरम केल्यावर पॉलिमर पातळ होतं.

कार्बन डायऑक्साइड हीच जागा न तापवता करून देतो. त्याचा रेणू छोटा आणि सरळ. दाबाखाली तो साखळ्यांच्या मध्ये जाऊन बसतो. दाब जितका जास्त तितका जास्त वायू मुरतो. कमी दाबाला हे हेन्रीच्या नियमाने चालतं, नंतर नियम थोडा वाकतो. साखळ्या एकमेकींपासून किंचित दूर जातात, त्यांचं वळणं सोपं होतं. पॉलिस्टायरिन साधारण १०० अंशांना काचेसारखं कडक होतं, पण वायू मुरलेला असला की हे तापमान कित्येक दशांश नव्हे, चक्क कित्येक दशक अंश खाली येतं. वजनाने काही टक्केच वायू विरघळला तरी वितळलेल्या मालाची व्हिस्कॉसिटी निम्म्याहून खाली जाऊ शकते. सिलिकॉन तेलासारख्या मुळातच द्रव असणाऱ्या पॉलिमरमध्ये तर वायू खूपच जास्त मुरतो आणि तेल कित्येक पटीने पातळ होतं. खरं म्हणजे नुसता दाब वाढवला तर पॉलिमर दाट व्हायला हवं, कारण दाबाने मोकळी जागा कमी होते. नायट्रोजन घेतला तर तो फार कमी विरघळतो, म्हणून पातळ होण्याचा परिणामही थोडाच. कार्बन डायऑक्साइड मात्र दाबाचं नुकसान भरून काढून वर पातळपणा देतो.

आणखी एक गोष्ट पवनीच्या लोकांना सांगण्यासारखी. ३१ अंश सेल्सिअसच्या वर कार्बन डायऑक्साइड कितीही दाबला तरी त्याचं द्रव होत नाही. ७३.८ बारच्या पुढे तो ना धड वायू ना धड द्रव अशा सुपरक्रिटिकल अवस्थेत जातो. दाटपणा द्रवाच्या जवळचा आणि शिरण्याची ताकद वायूसारखी. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो. म्हणजे त्या दिवसांत सावलीत ठेवलेल्या भरलेल्या सिलिंडरमध्येसुद्धा द्रवाची पातळी अशी काही उरत नाही. लोक लॅबमध्ये हीटर लावून जी अवस्था आणतात, ती वैनगंगेच्या काठी उन्हाळ्यात आपोआप येते.

कारखान्यात याचा उपयोग दोन तऱ्हेने होतो. एक म्हणजे माल कमी तापमानाला वाहतो, त्यामुळे उष्णतेने खराब होणारी औषधं वगैरे पॉलिमरमध्ये मिसळता येतात, मोटरवरचा भारही उतरतो. दुसरा म्हणजे डायमधून बाहेर येताच दाब पडतो आणि मुरलेला वायू सोड्याच्या बाटलीसारखा फसफसून निघतो. त्या बुडबुड्यांचा फोम होतो. बुडबुडे वाढायला माल पातळ हवा, आणि ते फुटू नयेत म्हणून लगेच घट्टही व्हायला हवा. वायू निघून जाताना पॉलिमर परत दाट होत जातं, त्यामुळे दोन्ही कामं एकाच वायूने होतात. पूर्वी पॉलिस्टायरिनच्या फोमसाठी ओझोनला मारक असे क्लोरोफ्लुरोकार्बन वापरायचे. डाऊ कंपनीने फक्त कार्बन डायऑक्साइड वापरून पॉलिस्टायरिनचे फोम शीट बनवले, त्याला १९९६ मध्ये अमेरिकेचा राष्ट्राध्यक्षांचा हरित रसायन पुरस्कार मिळाला.

साखळी तुटली नाही हे कशावरून म्हणायचं? फोमचा एक तुकडा घ्यायचा. बुडबुड्यांतला वायू निघून गेलेला आहे. तो टोल्युइनमध्ये विरघळवायचा, अगदी पातळ द्रावण करायचं. शेजारी मूळच्या दाण्यांचं तेवढ्याच प्रमाणाचं द्रावण ठेवायचं. दोन्ही एकेक करून ओस्टवाल्डच्या नळीत घालायची आणि स्टॉपवॉच लावायचं. मशीनमध्ये माल जास्त तापून जळला नसेल तर दोन्हींना लागणारे सेकंद सारखेच येतात.